तापट रक्ताचे टिपणीस डॉक्टर

टिपणीस डॉक्टर बोलायचे मराठीत, लिहायचे इंग्रजीत आणि मोजायचे मात्र बंगालीत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले की त्यांचे ओठ हलत राहायचे, ‘एक, दुई, तीन, चार’, आणि शंभर पुरे झाल्याशिवाय त्यांच्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून कलकत्त्याला आले ते तिथलेच झाले. डॉक्टरांचा जन्म, शाळा, कॉलेज सगळं तिथलंच. मराठी आईकडून आलं आणि पाढे बंगाली मास्तरांकडून, त्यामुळे ही अशी वाटणी.

एकोणसत्तर साली आमच्या ह्यांची कलकत्त्याला बदली झाली. हे सकाळी ऑफिसला गेले की मी भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत नुसती माशा मारत बसायची. बी.एस्सी. झालेली बाई, पण बी.एस्सी.चा उपयोग फोडणी करताना काय होणार? शेवटी गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी माझी डॉक्टरांशी गाठ घालून दिली. आमच्या मागच्याच गल्लीत, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर त्यांची रक्त तपासायची छोटी लॅबोरेटरी होती आणि त्यांना मदतीला माणूस हवं होतं. माझी मार्कशीट त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

“तांदूळ निवडता येतात का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, येतात की.

“मग रक्तही निवडता येईल. सोमवारपासून या.”

आणि खरोखर ते काम तांदूळ निवडण्यासारखंच होतं. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळला की त्यावर रंग घालायचा आणि मग त्यातल्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. या पांढऱ्या पेशींचे चार-पाच प्रकार असतात. त्यातला एक प्रकार असा की रंग चढला की त्याच्या पोटातले दाणे केशरी दिसायला लागतात. धडधाकट माणसाच्या रक्तात शंभरात अशा दोन-तीन पेशी सापडतात. इसब असलेल्याच्या, दमेकऱ्याच्या, नाहीतर पोटात जंत असलेल्याच्या रक्तात त्या आठ, दहा, पंधरापर्यंत जातात. डॉक्टर त्यांना ‘केशरी मंडळी’ म्हणत. मोजणीची त्यांची पद्धत अजब होती. उजव्या हाताशी एका वाटीत चिंचोके, दुसऱ्या वाटीत गुंजा. साधी पेशी दिसली की चिंचोका उचलून ताटलीत टाकायचा, केशरी दिसली की गुंज. डोळा वर करायचाच नाही. शंभर दाणे झाले की ताटलीतल्या लाल गुंजा मोजायच्या, तो आकडा रिपोर्टात. लॅबोरेटरीत मोजणीचं यंत्र होतं, चांगलं विलायती. त्याची टकटक ऐकली की मला अंगाला खाज सुटते, असं सांगून त्यांनी ते कपाटावर ठेवून दिलं होतं.

खाज हा त्यांच्या आयुष्याचा मोठाच विषय होता. एकोणिसाव्या वर्षापासून त्यांना इसब होतं. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे आणि मानेवर. कलकत्त्याचा मे महिना आला की मान लालबुंद व्हायची. बनियन ते उलटा घालायचे, शिवण आतून टोचू नये म्हणून. साबण नाही, बेसन लावून अंघोळ. खाजवायचं नाही हा त्यांचाच नियम, त्यामुळे असह्य झालं की बोलता बोलता उठायचे आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून म्हशीसारखे सावकाश घासायचे. समोर बसलेला पेशंट गडबडून जायचा. डॉक्टर तिथूनच त्याला धीर द्यायचे, “तुमचं होऊ द्या चालू, माझं हे रोजचंच आहे.”

इसबाचे पेशंट लांबून यायचे. बेहालाहून, बराकपूरहून, हावड्याच्या कारखान्यांतून. मोठी, संसारी माणसं, पण रिपोर्ट हातात घेताना सगळ्यांचा प्रश्न एकच, आणि तोही आवाज उतरवून विचारलेला: रक्त खराब आहे का? कातडीवर काही उठलं की रक्तात घाण आहे, घराण्यात काहीतरी आहे, असं तिथेही लोक समजत आणि आपल्याकडेही समजतात. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं होतं. खराब रक्त असं काही नसतं. तुमचं रक्त जरा तापट आहे, एवढंच. चोर आला तर सगळेच ओरडतात, तुमचं रक्त पाहुणा आला तरी ओरडतं. माणूस हसायचा आणि आल्यापेक्षा जरा ताठ होऊन जायचा. औषध देणारे डॉक्टर दुसरे, पण अर्धा गुण इथेच येतो, असं माझं मत झालं होतं.

एकदा हावड्याहून एका तागाच्या गिरणीतले कारकून आले, घोषबाबू. वर्षभर त्यांचे हात फुटलेले, आणि त्या दिवशी पाहावं तर हात लोण्यासारखे. कुठल्याशा साधूबाबाची पुडी लागू पडली होती. रोज एक, दुधातून. घोषबाबू पेढे घेऊनच आले होते. डॉक्टरांनी त्यांचं रक्त काचेवर घेतलं, मोजलं, पुन्हा मोजलं. ताटलीत नुसते चिंचोके. गुंज एकही नाही. मी आपली खूश, की बघा, बरे झाले! डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. तापट माणूस एका रात्रीत इतका गार होत नाही, ते मला म्हणाले, कोणीतरी त्याच्या तोंडात बोळा कोंबलाय. त्या पुडीत स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असणार, त्याशिवाय केशरी मंडळी अशी झाडून नाहीशी होत नाहीत. डॉक्टरांनी घोषबाबूंना हाताला धरून ट्रामने ओळखीच्या फिजिशियनकडे नेलं. पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं होतं, ती हळूहळू उतरवावी लागली. हात पुन्हा फुटले, पण पेशंट वाचला. पेढे आम्ही खाल्ले. ते डॉक्टरांनी परत करू दिले नाहीत.

स्वतःच्या रक्तावर तर त्यांचे अखंड प्रयोग चालत. कोणीतरी सांगितलं, हिलसा मासा खाल्ला की इसब उठतं. डॉक्टरांनी एक महिना हिलसा सोडला आणि दर सोमवारी रक्त मोजलं. मग एक महिना रोज हिलसा खाल्ला आणि दर सोमवारी रक्त मोजलं. गुंजा होत्या तेवढ्याच राहिल्या. हिलसा निर्दोष सुटला! त्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी रात्रीच्या जेवणाला आम्हा दोघांना बोलावलं, आणि आमचे हे शाकाहारी आहेत हे पानं मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ह्यांनी भात आणि लोणचं खाल्लं. मी मात्र हिलसा खाल्ला आणि त्यातले काटे काढता काढता रडकुंडीला आले.

भिंतीवर चौकटीच्या कागदावर त्यांच्या रक्ताचा आलेख होता. दर सोमवारी सकाळी दहा वाजता एक ठिपका. दहालाच, कारण या पेशी दिवसाच्या वेळेप्रमाणे कमीजास्त होतात. मी कामाला लागले तेव्हा त्या आलेखाला सहा वर्षं झाली होती आणि त्यात एकही खाडा नव्हता. खाज उठायच्या आधी गुंजा वाढतात का, हे त्यांना शोधायचं होतं. तसं असेल तर पेशंटला आठ दिवस आधी सांगता येईल की बाबा, जप.

मी म्हटलं तसं, औषध देणं हे काही त्यांचं काम नव्हतं, पण मोजण्याचे नियम कडक होते. पहिला नियम, आधी नाव, मग रक्त. म्हणजे काचेवर माणसाचं नाव आधी कोरायचं आणि मगच त्यावर थेंब घ्यायचा. दुसरा नियम, एकट्याचं रक्त काहीच सांगत नाही. आजाऱ्याबरोबर एका निरोगी माणसाचंही त्याच वेळी, त्याच रंगात रक्त पाहायचं, आणि निरोग्याचं आधी मोजायचं, म्हणजे नजर ताळ्यावर राहते. याला ते ‘जोड’ म्हणत.

त्यांची स्वतःची जोड होती नीलिमादी.

नीलिमादी ही वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंची मुलगी. पंचेचाळिशीची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, लग्न न केलेली. आईला सांभाळता सांभाळता वय निघून गेलं, असं शेजारी सांगत. कातडी अशी नितळ की साबणाच्या जाहिरातीत घालावी. डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांना जोड व्हाल का म्हणून विचारलं तेव्हा एकाच सोमवारचा प्रश्न होता. त्याला सहा वर्षं झाली होती. दर सोमवारी पावणेदहाला चपलांचा आवाज करत त्या जिना उतरायच्या, स्टुलावर बसायच्या आणि बोट पुढे करायच्या. त्या बोटाला डॉक्टर कधी स्वतः टोचत नसत. ते काम मदतनिसाचं, म्हणजे आता माझं. ते तेव्हा खिडकीबाहेर बघत उभे राहायचे आणि विचारायचे, “दिदिमणी, आज शाळेत कुठला देश?” बंगालीत शिक्षिकेला दिदिमणी म्हणतात. मग ब्राझील नाहीतर जपानवर दहा मिनिटं बोलणं व्हायचं आणि त्या शाळेला जायच्या. त्या गेल्या की डॉक्टर तासभर कोणावर म्हणजे कोणावर चिडत नसत.

नाकासमोरचं दिसत नाही अशी मी नव्हते. सगळ्या गल्लीला दिसत होतं. एकदा मी आडून आडून विषय काढला तर डॉक्टरांनी मला त्यांच्या सव्विसाव्या वर्षीची हकीकत सांगितली. नागपूरचं स्थळ होतं, मुलगी पसंत होती, तिलाही डॉक्टर पसंत होते. बैठकीत मुलीच्या मामांनी यांची मान पाहिली आणि विचारलं, रक्त खराब आहे का? बैठक तिथेच मोडली. हसत हसत सांगितलं त्यांनी. त्या मामांमुळे तर मी रक्ताच्या नादी लागलो, म्हणाले. मीही हसत होते. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “पण त्यांचं चुकलं नव्हतं हो, सुधाताई. असं रक्त कशाला कोणाच्या गळ्यात बांधायचं?”

मला इतका राग आला की काय सांगू. हजार लोकांना छातीठोकपणे सांगणारा हा माणूस, की खराब रक्त असं काही नसतं, आणि एका माणसाला त्याने त्यातून वगळलं होतं. आणि तिकडे वर ती बाई चष्मा पुसत उत्तरपत्रिका तपासत बसलेली. यांनी विचारायचं नाही, त्यांनी आपण होऊन बोलायचं नाही. दोघांचं उरलेलं आयुष्य सोमवारी दहा-दहा मिनिटांनी संपणार, असंच मला दिसत होतं.

त्याच सुमारास मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतून एक दिवस डॉक्टर धापा टाकत आले. परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की रक्तात एक नवंच द्रव्य सापडलंय, इतकं थोडं की आजवर कोणाला दिसलंच नव्हतं. दमेकऱ्यांच्या आणि इसबाच्या बऱ्याच पेशंटांच्या रक्तात ते भरपूर असतं. मी घाबरत घाबरत आलेखाकडे पाहिलं. इतक्या वर्षांची मेहनत जुनी झाली की काय? डॉक्टर तर टाळ्या पिटत होते. आपण इतकी वर्षं वऱ्हाडी मोजत बसलो, म्हणाले, नवरदेव निराळाच निघाला! दुपारी लॅबोरेटरीत सगळ्यांना संदेश, म्हणजे तिथली छेन्याची मिठाई, मिळाली. वर मासीमांना, म्हणजे नीलिमादींच्या आईला, त्यांनी ती स्वतः नेऊन दिली. ती परीक्षा कलकत्त्यात तेव्हा होत नव्हती. पण आता पेशंटला सांगायला आणखी एक गोष्ट मिळाली, यातच त्यांना आनंद होता.

आता त्या सोमवारचं सांगते. तो घोटाळा माझाच.

सकाळी रस्त्यावरून मोठा मोर्चा चालला होता. लाल झेंडे, घोषणा, ट्राम बंद. नीलिमादींचं बोट टोचलं, डॉक्टरांचं टोचलं, दोन काचा पसरल्या आणि मी आधी नाव कोरायचं विसरले, कारण माझं सगळं लक्ष खिडकीबाहेर. मग दोन्ही वाळल्यावर अंदाजाने नावं घातली. शाळेला सुटी दिल्यामुळे नीलिमादी वर गेल्या. मी काचा रंगवून डॉक्टरांपुढे ठेवल्या आणि पुन्हा खिडकीशी गेले.

नियमाप्रमाणे त्यांनी आधी नीलिमादींची काच घेतली. मला मागे ‘एक, दुई’ ऐकू येत होतं. शंभर झाले. मग पुन्हा ‘एक, दुई’. असं ते क्वचितच करत, म्हणून मी वळून पाहिलं. ताटलीत तेरा गुंजा होत्या. डॉक्टरांनी त्या एकदा बोटाने मोजल्या, मग उठले आणि अनवाणीच जिन्याकडे गेले. एरवी ते जिना चढताना कठडा धरत, त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या घेत होते.

टेबलावर त्यांची स्वतःची काच तशीच पडली होती. मी बसले आणि मोजली. गुंजा दोन. डॉक्टरांचं रक्त सात जन्मांत दोनवर येणार नव्हतं. मी नावांची अदलाबदल केली होती.

मी वर धावले. दार उघडंच होतं. पलंगावर मासीमा जपमाळ हातात घेऊन थिजल्या होत्या. नीलिमादी खुर्चीत, आणि डॉक्टर समोर उभे राहून प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. खाज येते का? रात्री श्वास लागतो का? पोट दुखतं का? पाण्याचा फिल्टर साफ आहे ना? नीलिमादी सारखं म्हणत होत्या, मला काहीच होत नाहीये, पण तुम्हाला काय झालंय? मी दारातूनच कबुली दिली. काचा माझ्या हातून बदलल्या, तेरावाली तुमची, दोनवाली त्यांची, नाव आधी घातलं नव्हतं.

मला वाटलं, आता नोकरी गेली. डॉक्टर मटकन पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “बरं झालं. माझंच आहे ना, मग बरं झालं.”

बाहेर मोर्चाचा आवाज दूर जात होता. नीलिमादींनी चष्मा काढला. त्या बंगालीत बोलल्या, पण वर्गातल्या मुलीला उत्तर विचारावं तशा, एकेक शब्द सुटा करून.

“डाक्तारबाबू, ते तेरा माझेच असते, तर माझं रक्त खराब ठरलं असतं?”

“छे, छे. खराब रक्त असं काही नसतंच.”

“मग तुमचं कसं काय खराब?”

डॉक्टर उठून खिडकीबाहेर बघायला लागले. नीलिमादी थांबल्या होत्या. त्या उत्तर आल्याशिवाय पुढे जाणाऱ्यातल्या नव्हत्या, भूगोलाच्या तासालासुद्धा नसतील. शेवटी मासीमांनीच माळ खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, मुली, चहा टाक. मी मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही, कारण माझे दोन्ही कान बाहेर होते. बाहेर डॉक्टर म्हणत होते, “तापट आहे हो, दिदिमणी. जन्मभर असंच राहील.” आणि नीलिमादी म्हणत होत्या, राहू दे.

त्या सोमवारचं डॉक्टरांचं रक्त कोणी कागदावर मांडलंच नाही. आलेखात पहिला खाडा पडला. मी नंतर म्हटलं, मी पुन्हा मोजते, काच आहे अजून. नको म्हणाले, नावं चुकीची होती, ती मोजणी धरायची नाही. नियम म्हणजे नियम.

श्रावण उलटल्यावर रजिस्ट्रारच्या कचेरीत लग्न झालं. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मासीमांनी रिक्षातून येऊन शंख फुंकला तेव्हा कचेरीतले सगळे कारकून उभे राहिले. ह्यांना त्या दिवशी पोटभर शाकाहारी जेवण मिळालं.

खाज उठायच्या आधी गुंजा वाढतात का, याचा निकाल मात्र लागला नाही. कधी वाढत, कधी खाजेबरोबर, कधी मागाहून. डॉक्टरांनी ते आलेखाखाली तसंच, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं. आणि लग्न झालं म्हणून इसब गेलं असं काही झालं नाही. तसं झालं असतं तर गोष्ट छान दिसली असती, पण रक्ताला कुठे गोष्टी कळतात?

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात आमची नागपूरला बदली झाली. दोघं हावड्याला पोचवायला आले होते. फलाटावर मरणाचं उकडत होतं आणि डॉक्टरांची मान पुरती लाल झाली होती. नीलिमादी खिडकीशी उभ्या राहून मला नागपूरच्या जमिनीबद्दल, तिथल्या काळ्या मातीबद्दल सांगत होत्या, बघायला सांगत होत्या. डॉक्टर शेजारी होते. बोलणं ऐकता ऐकता त्यांचा हात आपोआप मानेकडे गेला आणि ते खाजवायला लागले. नीलिमादींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. काळ्या मातीबद्दल बोलत असतानाच त्यांनी तो हात धरला, मानेवरून खाली आणला आणि आपल्या हातात ठेवला. गाडी हलली तरी त्या बोलतच होत्या आणि हात त्यांनी सोडला नव्हता.